स्पेनची तांबडी वाइन आणि माढ्याचा बागाईतदार

आपल्या तालुक्यांत द्राक्षाच्या बागा वाढत चालल्यापासून एक प्रश्न वरचेवर कानीं येतो. बेदाण्याचा भाव पडला, अवकाळी पावसानें मणी तडकले, किंवा व्यापारी ठरलेला दर मोडून निघून गेला, कीं कोणीतरी म्हणतो, "हीं खाण्याचीं द्राक्षें पुरे झालीं, आतां वाइनचीं द्राक्षें लावावीं. शेजारच्या माळशिरस तालुक्यांत तीं होतात, मग माढ्यांत कां होऊं नयेत?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर केवळ जमीन व हवा पाहून देतां येणार नाहीं. ज्या देशांत हा धंदा शेंकडों वर्षें चालला आहे, तेथील शेतकऱ्यानें काय मिळविलें व कशाच्या जोरावर मिळविलें, हें आधीं पाहिलें पाहिजे. असा एक देश स्पेन होय. द्राक्षवेलीखालीं जगांत सर्वांत अधिक जमीन त्याच देशांत आहे, आणि त्याचे कित्येक प्रांत आपल्यासारखेच कमी पावसाचे आहेत. म्हणून तेथील तांबड्या वाइनची हकीकत येथें थोडक्यांत देऊन, तिजवरून आपण काय बोध घ्यावा, याविषयीं माझें मत वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रारंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. हा लेख मद्यपानाची भलामण करण्यासाठीं लिहिलेला नाहीं. पंढरपूर आपल्यापासून जवळ, आणि सावता माळ्याचें अरण तर आपल्याच तालुक्यांत. येथील पुष्कळ घरांत मद्य वर्ज्य आहे व तें तसेंच राहावें, असें मला वाटतें. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमांतही मादक पेयांच्या बंदीसाठीं सरकारनें झटावें, असें मार्गदर्शक तत्त्व सांगितलें आहे. परंतु आपल्या उसाच्या मळीचें पुढें काय होतें, हें कोणा ऊसवाल्यास ठाऊक नाहीं? ज्यास हा धंदा नको असेल त्यानें तो खुशाल टाळावा. ज्यास करावयाचा असेल त्यानें उघड्या डोळ्यांनीं करावा, एवढाच माझा हेतु आहे.

स्पेनमध्यें द्राक्षाची तोडणी मुख्यतः सप्टेंबर व ऑक्टोबर या महिन्यांत होते. आपल्याकडे घट बसतात आणि बागेंत गोडी छाटणीची कात्री चालूं लागते, त्याच सुमारास तिकडे घड टोपल्यांत पडत असतात. हा फरक हवेचा आहे. तिकडे थंडींत वेल पानें गाळून झोपीं जाते. आपल्याकडे ती झोपत नाहीं; म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व पावसाळा सरतांना गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून आपण एकच पीक घेतों. रिओहा प्रांतांतील लोग्रोन्यो शहरीं सप्टेंबरांत सुगीचा मोठा उत्सव भरतो. त्यांत नवीं द्राक्षें पायांनीं तुडवून त्यांचा पहिला रस बाल्बानेराच्या मातेस अर्पण करितात. आपण नव्या जोंधळ्याचें कणीस देवापुढें ठेवतों, तोच हा भाव आहे. पुढें हवेंत गारवा आला, कीं उन्हाळ्यांतली थंडगार पांढरी वाइन मागें पडते आणि जेवणाच्या पाटावर तांबडी येते. भाजलेलें कोंकराचें मांस, रानांतलीं अळंबीं, मसुराची आमटी, अशा ऊन पदार्थांबरोबर तिचा खप असतो. म्हणजे तेथें शरद ऋतु हा नवी वाइन करण्याचा, आणि मागल्या सालांची मुरलेली वाइन विकण्याचाही हंगाम होय.

तांबड्या वाइनचा तांबडेपणा रसांत नसतो, सालींत असतो. काळें द्राक्ष चिरून पाहिलें, तर बहुतेक जातींत आंतला गर पांढुरकाच दिसतो. रस सालीसकट आंबविला म्हणजे रंग व तुरटपणा त्यांत उतरतो. म्हणून वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि गोडी २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत चढलेली असावी लागते. जिबरेलिकचीं पाणीं देऊन मणी फुगविण्यांत आपलें सारें कसब खर्च होतें. वाइनच्या कामीं तो फुगलेला मणी गुण नसून दोष ठरतो. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीस साधारणपणें एक ते सव्वा किलो द्राक्षें लागतात.

आतां तेथील मुलूख पाहूं. उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यांत रिओहा आहे. तेथील मुख्य जात तेंप्रानियो. स्पॅनिश भाषेंत 'तेंप्रानो' म्हणजे लवकर; आपल्या बोलींत सांगावयाचें तर ही हळवी जात. तिच्या जोडीस गार्नाचा ही गरवी, ऊन सोसणारी जात लावितात. रिओहाची वाइन ओक लांकडाच्या २२५ लिटरच्या पिंपांत मुरविण्याचा प्रघात आहे. एक वर्ष पिंपांत धरून एकंदर दोन वर्षें मुरली ती 'क्रियान्सा'. तीन वर्षांची ती 'रेसेर्व्हा'. आणि पिंपांतील दोन वर्षें धरून पांच वर्षांची ती 'ग्रान रेसेर्व्हा'. शरदांतल्या नेहमींच्या जेवणास क्रियान्सा चालते. वरच्या प्रतींच्या बाटल्या सणासुदीस निघतात. दुएरो नदीच्या कांठीं रिबेरा देल दुएरो हा दुसरा मुलूख. तो समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांहून उंच असल्यामुळें तेथें दिवसा ऊन कडक व रात्रीं गारठा असतो. त्यामुळें तीच तेंप्रानियो तेथें अधिक गडद व जोरकस होते. पूर्वेस कातालोनियांतील प्रियोरात या डोंगराळ भागांत पाटीच्या दगडाच्या कपच्यांतून वेली उगवतात. उत्पन्न अगदीं थोडें, पण रस दाट. आग्नेयेस हुमिया येथें मोनास्त्रेल नांवाची जात चुनखडीच्या रुक्ष रानांत येते. तेथें वर्षाचा पाऊस १२ इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या माढ्याहूनही कमी. अशा भागांतल्या जुन्या बागांना मांडव नाहीं कीं तारा नाहींत. एकेक वेल झुडपासारखी बुटकी ठेवून दूर दूर लाविलेली असते. १९९६ सालापर्यंत स्पेनमध्यें वाइनच्या बागेस पाणी देण्यास सामान्यतः मनाईच होती.

हें वाचून कोणी म्हणेल, मग आपली मुरमाड जमीन काय वाईट आहे? माझेंही म्हणणें तेंच आहे. जमीन वाईट नाहीं. परंतु रिओहाच्या शेतकऱ्यास जें मिळालें तें केवळ जमिनीमुळें मिळालें नाहीं. तें दप्तरामुळें मिळालें. मी महसूल खात्यांत आयुष्य काढलें म्हणून मला दप्तराचें कौतुक, असें वाचकांनीं समजूं नये. पुढील हकीकत पाहावी.

१८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या, मुळांतून रस शोषणाऱ्या किडीनें फ्रान्समधील बागा बसविल्या. तेव्हां फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधांत रिओहांत उतरले व तेथें एकाएकीं तेजी आली. पुढें शतक संपतां संपतां ती कीड रिओहांतही पोहोंचली. उपाय सांपडला तो अमेरिकन खुंटावर कलम भरण्याचा. ज्या डॉगरीज खुंटावर आपण थॉम्सनचें कलम भरतों, तोही मूळचा अमेरिकेचाच. आपण तो पाण्याची तूट व क्षार सोसण्यासाठीं वापरतों, एवढाच फरक. बागा पुन्हां उभ्या राहिल्या, पण तोंवर रिओहाचें नांव बाजारांत चढलें होतें, आणि नांव चढलें कीं भलत्याच ठिकाणचा माल त्या नांवावर खपूं लागतो. म्हणून १९२५ सालीं रिओहा या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें. स्पेनमध्यें असें संरक्षण मिळालेलें हें पहिलें नांव होय. त्या नांवाची राखण करण्यासाठीं एक नियामक मंडळ नेमलें गेलें, व तें आजतागायत चालू आहे.

हें मंडळ काय करतें? प्रत्येक बागेचा तुकडा त्याच्या नोंदवहींत असतो. कोणत्या जाती लावाव्या हें ठरलेलें आहे. तांबड्या द्राक्षाचें उत्पन्न हेक्टरीं ६,५०० किलोंपर्यंत, म्हणजे एकरीं सुमारें २६ क्विंटलपर्यंत, मर्यादित केलेलें आहे. आपण खाण्याच्या द्राक्षाचें एकरीं शंभर क्विंटल काढतों, हें लक्षांत घेतां ही मर्यादा केवढी कडक आहे तें कळेल. तोडणीच्या वेळीं माल कांट्यावर जातो तेथें त्याची नोंद होते. तळघरांत किती वाइन आहे याचा हिशेब राहतो, आणि त्या हिशेबाइतक्याच क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या बाटल्यांवर चिकटविण्यास मिळतात. चिठ्ठी नसेल तर ती बाटली रिओहाची नव्हे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, या नांवाचा कारभार पाहणाऱ्या संघटनेंत निम्मीं मतें द्राक्ष पिकविणाऱ्यांच्या संघांना आणि निम्मीं वाइन करणाऱ्या व विकणाऱ्यांना आहेत. शेतकरी तेथें माल घालून बाहेर उभा राहत नाहीं; तो बैठकींत बसतो.

ज्यानें चावडींत पीकपाहणी, खातेउतारा आणि फेरफार पाहिले आहेत, त्यास ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं, आपल्याकडे दप्तर सरकार आपल्या कामासाठीं ठेवतें. तेथें शेतकरी व व्यापारी मिळून आपल्या मुलुखाच्या नांवाचा भाव राखण्यासाठीं दप्तर ठेवतात.

आतां आपल्याकडे वळूं. महाराष्ट्रांत वाइनच्या आधुनिक धंद्याचा पाया १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांव येथें घातला गेला. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, अबकारी करांत सवलत दिली, आणि विंचूर व पलूस येथें वाइन पार्क काढले. नाशिक जिल्ह्यांत पुष्कळ वायनऱ्या निघाल्या. २०१० सालीं 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली. आपल्या जिल्ह्यांत अकलूज परिसरांत २००६-०७ च्या सुमारास इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू व अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनीं मिळून 'फ्रातेली' ही कंपनी काढली. इटालियन भाषेंत फ्रातेली म्हणजे भाऊच. तेथें बाहेरदेशींच्या जातींचीं कलमें आणून लाविलीं. सांजोवेझे व कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींपासून केलेली त्यांची तांबडी वाइन नांवाजली गेली. सोलापूरच्या उन्हांत चांगली तांबडी वाइन होते कीं नाहीं, या शंकेचें निरसन अकलूजनें केलें आहे.

परंतु वाइन चांगली होणें ही एक गोष्ट, आणि द्राक्ष घालणाऱ्याचें चांगलें होणें ही दुसरी. २००१ नंतरच्या उत्साहांत नाशिक, सांगलीकडील शेंकडों शेतकऱ्यांनीं वाइनच्या जाती लाविल्या. २००८ च्या अखेरीस जगांत मंदी आली, नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं आणि वाइनचा खप बसला. कित्येक वायनऱ्यांनीं ठरलेलीं द्राक्षें उचललीं नाहींत, कित्येकांनीं उचलून पैसे थकविले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पुष्कळांनीं त्या वेली उपटून टाकल्या. माझ्या नोकरींत असे उतारे माझ्या हाताखालून गेले आहेत, ज्यांच्या इतर हक्कांत वाइनच्या बागेसाठीं काढलेल्या कर्जाचा बोजा होता, आणि पीकपाहणीच्या रकान्यांत मात्र द्राक्षाच्या जागीं पुन्हां ज्वारी आली होती. वेल गेली, बोजा राहिला.

याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे. थॉम्सन, माणिक चमन, सोनाका यांच्या मालास तीन दारें आहेत. भाव असेल तर परदेशीं पाठवावा, नसेल तर मुंबई-कलकत्त्याच्या बाजारीं द्यावा, आणि तेंही न जमलें तर कासेगांवच्या बागाईतदारांप्रमाणें शेडवर टाकून बेदाणा करावा. चार किलोंचा एक किलो होईल, पण माल हातीं राहील व शीतगृहांत ठेवून भावाची वाट पाहतां येईल. वाइनच्या द्राक्षास हीं दारें नाहींत. मणी बारीक, साल जाड, आंत बी. खाणारा तें घेत नाहीं, बेदाणाही करतां येत नाहीं. दार एकच, व त्याची किल्ली वायनरीच्या हातीं. त्यांतून वेल लाविल्यापासून पीक हातीं येण्यास दोन-तीन वर्षें लागतात व बाग पंधरा वर्षें उभी राहते. पंधरा वर्षांच्या वेलीसाठीं एका हंगामाचा तोंडी करार करणें, याहून मोठें धाडस शेतींत नाहीं.

२०२२ च्या जानेवारींत राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचें ठरविलें, तेव्हां शेतकऱ्यांचें हित हें त्याचें कारण म्हणून सांगितलें गेलें. अण्णा हजारे प्रभृतींनीं त्यास विरोध केला आणि तो निर्णय अंमलांत आला नाहीं. दोन्ही बाजूंचा वाद ऐकतांना मला एका गोष्टीचें नवल वाटलें. बाटली कोठें विकावी यावर सगळे बोलले. द्राक्षाचा दर कोणी ठरवावा, कांट्यावर कोणी उभें राहावें, आणि पैसे किती दिवसांत मिळावे, यांवर फारसें कोणी बोललें नाहीं. दुकानें वाढलीं तरी हीं तीन कलमें सुटल्याखेरीज द्राक्ष घालणाऱ्याच्या पदरांत कांहीं पडणार नाहीं.

आपल्याच्यानें असें दप्तर ठेवणें होणार नाहीं, असें कोणी म्हणेल तर मी तें मान्य करणार नाहीं. युरोपांत आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सांपडूं लागले, तेव्हां २००६ सालापासून निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद 'ग्रेपनेट'वर होऊं लागली. २०१० सालीं सीसीसीच्या अंशावरून माल अडकला, तेव्हां आपल्या लोकांनीं तेंही वापरणें सोडलें. कोणत्या तारखेस कोणती फवारणी केली हें वहींत लिहिणारा बागाईतदार आज आपल्या तालुक्यांतही आहे. जातींच्या बाबतींत म्हणाल, तर नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनीं सोनाका ही जात सोलापूरच्याच मातींत निवडून काढली. म्हणजे हुन्नर आहे, शिस्त आहे, लिहिण्याची संवयही लागली आहे. परंतु हें सर्व आपण परक्या गिऱ्हाइकाच्या धाकानें केलें. स्वतःच्या नांवासाठीं अद्याप केलें नाहीं.

म्हणून ज्यांस वाइनचीं द्राक्षें लावावयाचीं आहेत, त्यांस माझ्या चार सूचना आहेत. पहिली: करार लेखी व मुद्रांकावर असावा, आणि तो निदान दहा वर्षांचा असावा. ब्रिक्सप्रमाणें दर, वजन कोठें व कोणाच्या समक्ष करावयाचें, माल नाकारण्याचा अधिकार कोणास व कोणत्या कारणासाठीं, पैसे किती दिवसांत व न दिल्यास व्याज काय, हीं कलमें त्यांत स्पष्ट असावीं. दुसरी: एकट्यानें करार करूं नये. तीस-चाळीस बागाईतदारांनीं आधीं संघ नोंदवावा व संघानें वायनरीशीं बोलावें. तिसरी: संघानें पहिल्या दिवसापासून आपली वही ठेवावी. कोणाच्या गटांत कोणती जात, कोणता खुंट, किती वेली व किती माल, हें तींत असावें. भौगोलिक उपदर्शनाचा १९९९ चा कायदा आपल्या हातीं आहे; सोलापूरच्या डाळिंबास व सांगलीच्या बेदाण्यास त्याखालीं नोंदणी मिळाली आहे. उद्यां आपल्या मुलुखाच्या नांवानें वाइन निघाली, तर त्या नांवाचे हक्कदार कोण, हें त्या वहीवरून ठरेल. चौथी: दहा एकर बाग असेल तर दोन एकरांहून अधिक वाइनच्या जातीखालीं घालूं नये. उरलेल्या रानास तीन दारें असूं द्यावीं.

यावर एक आक्षेप येईल, व तो खरा आहे. रिओहाचें नांव एवढें मोठें असूनही तेथील शेतकरी आज सुखी नाहीं. जगभर वाइनचा, विशेषतः तांबड्या वाइनचा, खप कमी होत चालला आहे. रिओहांत शिल्लक वाइनचा सांठा वाढला, द्राक्षाचे दर उतरले, आणि अलीकडे कांहीं ठिकाणीं हिरवे घडच उतरवून टाकण्यासाठीं सरकारी मदत द्यावी लागली. नांव म्हणजे मंदीवरचें औषध नव्हे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तेथील मंदींत घड किती उतरवावे हें ठरवितांना शेतकऱ्याचें मत मोजलें गेलें. आपल्याकडील मंदींत वायनरीनें दार लावून घेतलें आणि शेतकऱ्यास तें फाटकाशीं ट्रॅक्टर उभा केल्यावर कळलें. दोन्हीकडे नुकसान झालें, हें खरें. पण एकीकडे तें वांटून घेतलें गेलें, दुसरीकडे तें एकाच्याच उताऱ्यावर चढलें.

खप घटता असल्यामुळें घाई करण्याचेंही कांहीं कारण नाहीं. हा गोडी छाटणीचा हंगाम जाऊं द्यावा. खरड छाटणीपर्यंतच्या महिन्यांत ज्यांस या पिकाची इच्छा आहे त्यांनीं एकत्र बसावें, अकलूजकडे जाऊन द्राक्ष घालणाऱ्यांशीं समक्ष बोलावें, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांतून जातींची माहिती आणावी, आणि कराराचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा. एवढें केल्यावर जर कोणी वायनरी त्या मसुद्यावर सही करण्यास तयार असेल, तर खुशाल रोपें मागवावीं. तयार नसेल, तर तिच्या मनांत काय आहे हें वेल लावण्यापूर्वींच कळलें, हाही फायदाच समजावा.

— एक निवृत्त महसूल कारकून, माढा